कोणाला किती हॅश

माझी नणंद म्हसावदला असते. दिवाळीत नंदुरबारला आली की पहिल्या दिवशी फराळ आणि दुसऱ्या दिवशी माझी चौकशी. "वयनी, तुम्ही दिनभर खुर्चीवर बशीसन काय लिखतस?" मी सांगते, "दुसरानी लिखेल प्रोग्राम तिसराले समजाडी सांगस." ती चकली मोडते, जरा विचार करते आणि म्हणते, "मंग त्याले फोन करी द्या ना." दर दिवाळीला हाच सवाल आणि हाच सल्ला. या अंकाच्या संपादकांनी नोकरीबद्दल लिहायला सांगितलं तेव्हा मला आधी तीच आठवली. या दिवाळीला मी निवृत्त होतेय. जाता जाता तिला एकदा नीट समजवायचंच, असं ठरवून लिहायला बसले आहे.

आमची कंपनी लहान आहे. नंदुरबारच्या मिरची बाजारातल्या आडत्यांसाठी आम्ही प्रोग्राम बनवतो. गोणी काट्यावर चढली की वजन, लिलावात बोली लागली की भाव आणि शेवटी शेतकऱ्याच्या हातात पावती, एवढं सगळं त्यात होतं. पण काटा बनवणारा वेगळा, पावती छापायचं यंत्र आणखी कोणाचं, आणि मोबाइलवरचं ॲप करणारा कुणी सुरतचा. या सगळ्यांना आपापलं काम आमच्या प्रोग्रामला जोडायचं असतं. कुठली केबल कुठे, कुठला प्रश्न विचारला की कुठलं उत्तर येईल, उत्तर आलंच नाही तर काय बघायचं, हे त्यांना लिहून द्यावं लागतं. त्या लिखाणाला डॉक्युमेंटेशन म्हणतात, ऑफिसात नुसतं 'डॉक्स'. ते लिहिणारी मी. वाचणारा प्रोग्रामर असतो आणि बहुतेक वेळा वैतागलेला असतो, कारण काम सरळ चाललं असतं तर त्याने वाचायला घेतलंच नसतं.

त्याआधी मी नंदुरबारातच एका छापखान्यात लग्नपत्रिका लावायचे. कॉम्प्युटरवर अक्षरं बसवायची, वर गणपती, कडेने वेलबुट्टी, आणि मग भांडणं सोडवायची. पत्रिकेत कोणाचं नाव किती जाड, यावरून अबोला धरणारी माणसं मी पाहिली आहेत. एक मामा तर काकांच्या नावाशी आपलं नाव ताडून बघायला फूटपट्टी घेऊन आले होते. आमचे मालक ललितशेठ यांची आणि माझी ओळख तिथलीच. त्यांचे आजोबा मारवाडातून आले, कापडाचं दुकान टाकलं. नातवाने दुकानाच्या माडीवर कॉम्प्युटर मांडले. त्यांच्या बहिणीच्या लग्नाची पत्रिका मी एकही रुसवा न होता पार पाडली. ते पाहून त्यांनी मला कंपनीत बोलावलं. "ताई, तुम्हाला माणसं सांभाळून लिहिता येतं. हमारे प्रोग्रामर लोगों को ते येत नाही," असं म्हणाले. हे माणसं सांभाळणं पुढे किती नडणार आहे, याची तेव्हा दोघांनाही कल्पना नव्हती.

सुरुवातीला मी डॉक्स वर्डमध्ये लिहायचे, पत्रिकेच्याच थाटात. मग सुरतच्या एका प्रोग्रामरचा फोन आला. तुम्ही दिलेला नमुना जसाच्या तसा उतरवला तरी चालत नाही म्हणे. तो गुजराती, हिंदी आणि थोडी मराठी अशा तिन्ही भाषांत चिडला. दानियल मावची तेव्हा ऑफिसात नवीन होता. नवापूरकडच्या डोंगरातल्या गावाचा, घरी भाताची शेती, रविवारी चर्च, आणि बोलायला फटकळ. त्याने माझ्या स्क्रीनकडे वाकून पाहिलं आणि म्हणाला, "ताई, अवतरणचिन्हं बघा." माझी सरळ अवतरणचिन्हं वर्डने आपणहून वळवून देखणी केली होती. छापखान्यात ती शोभली असती. प्रोग्रामला ती कळत नाहीत, तो तिथेच अडतो.

"सजवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये लिहू नका," दानियल म्हणाला. "साध्या मजकुरात लिहा. खुणा मी शिकवतो."

या खुणांच्या पद्धतीला मार्कडाउन म्हणतात. नणंदबाईंसाठी सांगते, ती फार सोपी आहे. ओळीच्या सुरुवातीला # ही जाळीसारखी खूण टाकली, तिला हॅश म्हणतात, की ती ओळ मथळा होते. एक हॅश म्हणजे सगळ्यात मोठा मथळा, दोन म्हणजे त्याच्या पोटातला, तीन म्हणजे त्याच्याही पोटातला. ओळीआधी * हा तारा टाकला की यादीतला मुद्दा. शब्दाच्या दोन्ही बाजूंना एकेक तारा टाकला की तो शब्द तिरपा, दोन-दोन टाकले की ठळक. प्रोग्रामचा नमुना असेल तर त्याच्या दोन्हीकडे बॅकटिक, म्हणजे कीबोर्डच्या डाव्या कोपऱ्यातली बारीक तिरकी खूण. मग कॉम्प्युटर या खुणा वाचून नीटनेटकं वेबपान तयार करतो. छापखान्यात आम्ही हस्तलिखितावर लाल पेन्सिलीने 'जाड', 'मधोमध' असं लिहायचो, त्यातलाच हा प्रकार. आणि समजा पान तयार झालंच नाही, तरी खुणांसकट तो कच्चा मजकूर माणसाला सरळ वाचता येतो. ही गोष्ट मला तेव्हा किरकोळ वाटली होती.

मला ते दुपारभरात जमलं. भरतभाऊंना वेळ लागला. भरतभाऊ म्हणजे आमचे सगळ्यात जुने प्रोग्रामर, शहाद्याकडचे. वजनकाट्याचा सगळा भाग त्यांनी एकट्याने लिहिलेला. त्यांनी हिशेबाचं सूत्र बॅकटिक न लावता लिहिलं, गोण्या, वजन आणि भाव यांच्या मधे गुणाकाराचे तारे टाकून. कॉम्प्युटरला वाटलं, दोन ताऱ्यांमधला शब्द तिरपा करायचा आहे. तारे गेले, शब्द एकमेकांना चिकटले. पान बघून भरतभाऊ म्हणाले, "मन्हा गुनाकार कोनी खादा?" सगळं ऑफिस हसलं. मी बॅकटिक लावून गुणाकार परत आणून दिला, पण भाऊ काही हसले नाहीत.

खरी गंमत हॅशवरून झाली. मी डॉक्स रीतसर बांधले होते. 'जोडणी' एका हॅशखाली. त्याच्या पोटात 'वजनकाटा' आणि 'पावती' दोन-दोन हॅशवर. 'बिल' हा स्वतंत्र भाग, म्हणून त्याला एक हॅश. बिलाचा भाग शेठच्या पुतण्याने लिहिला होता, नुकताच पुण्याहून शिकून आलेला. पान तयार झालं, सगळे बघायला जमले, आणि त्या दिवशी भरतभाऊ चहाला आले नाहीत. मी विचारायला गेले.

"मन्हा काटाले बारीक अक्षर," ते म्हणाले, "आनि त्या कालना पोऱ्यानं बिलले मोठं."

मी समजावलं, अहो भाऊ, काटा जोडणीच्या पोटात येतो म्हणून त्याला दोन हॅश. यात मानापमान नाही.

"पोटमाच घाला माले," असं म्हणून ते स्क्रीनकडे वळले.

गोष्ट शेठपर्यंत गेली. शेठनी निकाल दिला, "ताई, सगळ्यांना एकेक हॅश द्या. किसीका मन नहीं दुखना चाहिए." मी म्हणून बघितलं की त्याने मांडणी बिघडेल. ते म्हणाले, पत्रिकेत तुम्हीच तर सगळ्यांना सारखं बसवत होतात. मालकाचा हुकूम, मी हॅश सारखे केले. मग कोण थांबतंय? काट्याचे पोटमथळेही एका हॅशवर आले, त्यामागोमाग बिलाचे आणि पावतीचे. पुतण्याने आपल्या मथळ्याच्या दोन्ही बाजूंना एकेक काळी चांदणी लावली. दुसऱ्या दिवशी भरतभाऊंच्या मथळ्याला दोन्हीकडे दोन-दोन. शिवाय भाऊंनी आपल्या सेटिंगचा तक्ता पुठ्ठ्यावर लाल-निळ्या स्केचपेनने काढला आणि त्याचा फोटोच पानात चिकटवला, त्यात रंग येतात म्हणून. आमचं पान थेट लग्नपत्रिका दिसायला लागलं आणि ऑफिसात शांतता नांदली. वाचणारे पान खाली सरकवत नजरेने शोधून घ्यायचे, त्यामुळे कोणाची तक्रार नव्हती.

याच काळात दानियलचे डोळे जात होते. पडद्याचा आजार, घराण्यातलाच. त्याच्या काकांनाही होता. आधी संध्याकाळचं दिसेना, मग बाजूचं दिसेना, मग तो स्क्रीन नाकाला लावून काम करायला लागला, आणि एका पावसाळ्यात तेही संपलं. मला फार वाईट वाटायचं, पण ते त्याच्यासमोर दाखवायची सोय नव्हती. कोणी हळहळलं की तो म्हणायचा, "डोळे गेलेत, नोकरी नाही गेली." त्याने कॉम्प्युटरवर स्क्रीन वाचून दाखवणारा आवाज बसवून घेतला आणि एका कानात इअरफोन घालून बसायला लागला. त्या आवाजाचा वेग त्याने एवढा ठेवला होता की मला लिलावातली बोलीच वाटायची. आपला प्रोग्राम तो असा ऐकत-ऐकत लिहायचा.

ललितशेठ वाईट माणूस नाही. पण त्यांना धास्ती होती की उद्या बाजारात काही चुकलं तर आडत्यांना काय सांगायचं. एक दिवस त्यांनी दानियलला समोर बसवलं. आमच्याकडे भिंती कमी असल्यामुळे मी सगळं ऐकलं.

"दानियलभाऊ, तू आता फोनवर बस. ग्राहकांचे प्रश्न घे. पगार तोच राहील."

"शेठ, फोन कोणीही उचलेल. मी प्रोग्राम लिहायला शिकलोय."

"मी तुझ्या भल्याचंच सांगतोय."

"एकदा फोनवर बसलो की मला तिथून कोणी उठवणार नाही. हे तुम्हालाही माहीत आहे."

मग दानियलनेच काम मागितलं. एका नव्या कंपनीचा वजनकाटा मिरचीच्या हंगामाआधी आमच्या प्रोग्रामला जोडायचा होता. ते मला द्या, म्हणाला. शेठनी विचार केला आणि हो म्हणाले, पण अट घातली. शेजारी बसून कोणी वाचून दाखवायचं नाही, अडलं तर कोणाला विचारायचं नाही. "डॉक्स वाचून एकट्याने काटा चालवलास तर तू प्रोग्रामर. नाही जमलं तर फोन, आणि मग हट्ट करायचा नाही." दानियल म्हणाला, "चालेल."

दुसऱ्या दिवशी सकाळीच त्याने कानातला इअरफोन काढून टेबलावर टाकला. "ताई, इकडे या. वाचायला नको, ऐकायला या." त्याने आवाज बाहेरच्या स्पीकरवर सोडला आणि माझ्यासाठी वेग कमी केला. मी माझंच पान पहिल्यांदा कानाने ऐकलं. मथळा पातळी एक, ब्लॅक स्टार ब्लॅक स्टार वजनकाटा ब्लॅक स्टार ब्लॅक स्टार. मथळा पातळी एक, केबल. मथळा पातळी एक, वेग. मथळा पातळी एक, कागद. मथळा पातळी एक, वेग. आणि मग नुसतं 'ग्राफिक' असं म्हणून त्या आवाजाने भाऊंच्या फोटोच्या फाइलचं लांबलचक नाव आकड्यांसकट म्हणून दाखवलं.

"तुम्ही पानावरून नजर फिरवता," दानियल म्हणाला. "मी मथळ्यावरून मथळ्यावर उडी मारतो. एक बटन दाबलं की पुढचा मोठा मथळा, दुसरं दाबलं की त्याच्या पोटातला. इथे सगळेच मोठे आहेत. हा वेग काट्याचा की पावतीच्या यंत्राचा, मला कसं कळणार? आणि तक्ता कुठे आहे?"

"तक्ता फोटोत आहे," मी म्हटलं.

"मग तो माझ्यासाठी नाहीच."

तो रडवेला वगैरे झाला नव्हता, चांगला तापला होता. मीही तापले. चार माणसांचे रुसवे काढायला पान विस्कटायचं आणि त्यापायी या माणसाला टेबलावरून उठवायचं, हे मला मुळीच चालणार नव्हतं. शेठची अट वाचून न दाखवण्याची होती. डॉक्स नीट करू नयेत अशी काही अट नव्हती, ते तर माझं रोजचं काम.

त्याच दुपारी बसले. आधी चांदण्या काढल्या. मग एकेका मथळ्यापाशी थांबून स्वतःला विचारलं, हा कोणाच्या पोटात? पावतीचा वेग पावतीखाली गेला, काट्याचा काट्याखाली. वजनकाटा परत दोन हॅशवर आला. सकाळी ऑफिसात गलका झाला. पुतण्या समजूतदार निघाला. त्याच्या बिलाचा एक हॅश शाबूत होता, हेही खरं. भरतभाऊ मात्र थेट माझ्या टेबलापुढे येऊन उभे राहिले.

"शेठनी सांगेल व्हतं, बठ्ठास्ले एक हॅश."

"भाऊ," मी म्हटलं, "तुमचा मान मी चहाला ठेवीन. हॅशमध्ये नाही ठेवणार."

शेठ बाहेर आले. मी त्यांनाही सांगितलं, "शेठ, पत्रिका लग्न झालं की रद्दीत जाते. हे पान वापरून काटा जोडायचाय. दानियलला मी एक अक्षर वाचून दाखवणार नाही, पण हॅश आता माझ्या हिशेबाने राहतील. पटत नसेल तर लिहायला दुसरं कोणी बघा." इतक्या वर्षांत मालकाशी असं मी कधी बोलले नव्हते. शेठनी माझ्याकडे पाहिलं, भरतभाऊंकडे पाहिलं आणि वाजत नसलेला मोबाइल कानाला लावून आत गेले. मी तो होकार धरला.

हॅश माझ्या हातात होते, तक्ता नव्हता. फोटोतली अर्धी अक्षरं पुसट, आणि त्यांचा अर्थ भाऊंच्या डोक्यात. मी जाऊन विचारलं.

"बठ्ठं फोटोमा शे."

"तुम्ही सांगा, मी लिहून घेते."

"माले टाइम नही."

ठीक आहे म्हटलं. दुपारी मी डबा घेऊन गेले आणि त्यांच्या टेबलाशी स्टूल ओढून जेवायला बसले. दुसऱ्या दिवशीही गेले, नंतरही. भाकरी, ठेचा, कांदा, आणि मधे माझा उघडा लॅपटॉप. त्यावर 'काट्याकडून येणाऱ्या खुणा' एवढा मथळा लिहिलेला आणि खाली मोकळी जागा. मी काही बोलायचे नाही, नुसती जेवायचे. भाऊंना शांत जेवायची सवय. कोणी समोर बसून चावायला लागलं की त्यांचा घास अडायचा. शेवटी एक दिवस माझ्या स्टुलाकडे बोट दाखवून त्यांनी विचारलं, "तुम्ही रोज आठेच जेवशात का?"

"तक्ता होईपर्यंत."

त्यांनी माझ्या डब्यातला ठेचा आपल्या भाकरीवर घेतला, खाल्ला, पाणी प्यायले आणि म्हणाले, "लिखा मंग."

एकदा सुरू झाले ते थांबेनात. पुठ्ठ्यावर न मावलेल्या गोष्टीही सांगायला लागले. काटा वजनाच्या आकड्याबरोबर एक अक्षर पाठवतो. काटा हलत असेल तर एक अक्षर, स्थिर असेल तर दुसरं. आमचा प्रोग्राम आकड्याच्या आधी ते अक्षर बघतो आणि काटा स्थिर झाल्यावरच वजन उचलतो. "पन काही काटा ते अक्षर आकडाना मांगे धाडतस," भाऊ म्हणाले. "तठे आपला प्रोग्राम फसस, पहिला यी तो आकडा ली लेस. तठे सेटिंग बदलनं पडस. हाई लिखा." मी तीन हॅश टाकून मथळा दिला, 'काटा थांबल्याची खूण', आणि खाली त्यांनी सांगितलं तसं लिहिलं. सेटिंगचं नाव बॅकटिकमध्ये. दानियलला याबद्दल मी चकार शब्द बोलले नाही.

दानियलने ऑफिसात काटा जोडला. टेबलावर तो माझा डबा ठेवून वजन घ्यायचा आणि आकडा बरोबर यायचा. शेठना बरं वाटत होतं असं मला दिसत होतं, पण ते म्हणाले, बाजारात बघू.

हंगाम लागला तसे आम्ही चौघे बाजारात गेलो, शेठ, दानियल, भरतभाऊ आणि मी. सगळीकडे लाल मिरची पडलेली. नाकातोंडाला रुमाल बांधल्याशिवाय तिथे उभं राहवत नाही, आणि बांधला तरी डोळे झोंबतात. दानियल काट्याशेजारी पोत्यावर बसला, मांडीवर लॅपटॉप. पहिली गोणी चढली. हमालाने हात काढायच्या आत स्क्रीनवर आकडा आला आणि पावती निघालीसुद्धा. काटा अजून डुलत होता. दुसऱ्या गोणीलाही तेच झालं. आडत्याने काट्याकडे पाहिलं, पावतीकडे पाहिलं आणि शेठला म्हणाला, "शेठ, हाऊ तर घाई करी ऱ्हायना." ऑफिसातला माझा डबा निमूट बसायचा. गोणी कोणी तशी ठेवत नाही, ती आदळते.

काय चुकतंय ते मला ठाऊक होतं आणि भरतभाऊंना तर नक्कीच ठाऊक होतं. शेठ सवयीने वळले, "भरतभाऊ, जरा बघा ना."

"कोणी बोलू नका," दानियल म्हणाला.

भाऊंनी तोंडावरचा रुमाल आणखी घट्ट धरला. मिरचीमुळे धरला असेल, पण मला वाटतं बोलून जाऊ नये म्हणून धरला.

दानियलने डॉक्सचं वेबपान उघडायला घेतलं. पत्र्याच्या शेडखाली नेट मिळेना. शेठनी सुस्कारा टाकला. पण आमचे डॉक्स प्रोग्रामच्याच फोल्डरमध्ये असतात, साध्या मजकुरात. पान नसलं तरी कच्ची फाइल त्याच्या लॅपटॉपवर होती. त्याने ती उघडली आणि एका हॅशवरून पुढच्या हॅशवर जायला लागला. गोंगाटात इअरफोन पुरेना, म्हणून आवाज बाहेर सोडला. तो आवाज हॅशला 'नंबर' म्हणतो. नंबर, जोडणी. दानियल पुढे सरकला. नंबर नंबर, वजनकाटा. इथे तो आत शिरला. नंबर नंबर नंबर, केबल. पुढे. नंबर नंबर नंबर, वेग. पुढे. नंबर नंबर नंबर, काटा थांबल्याची खूण. त्याचं बोट बटनावर थांबलं. मग भर बाजारात, मिरचीच्या ढिगाशेजारी, तो आवाज भरतभाऊंचं म्हणणं वाचून दाखवायला लागला. काही काटे हे अक्षर आकड्याच्या मागे पाठवतात. तिथे हे सेटिंग बदला.

दानियलने ते दोनदा ऐकलं आणि टाइप करायला लागला. मग त्याने मान वर केली. "आता गोणी चढवा."

गोणी चढली. आकडा आला नाही. हमालाने हात काढला, तरी आला नाही. काटा डुलत-डुलत शांत झाला आणि मग आकडा आला, त्यामागे पावती. आडत्याने काट्याशी ताडून पाहिलं आणि पुढची गोणी आणायला सांगितलं.

शेठ आणखी तीन-चार गोण्या होईपर्यंत तिथेच उभे होते. मग म्हणाले, "फोनवर दुसऱ्या कोणाला बघतो."

"बघा," दानियल म्हणाला.

भरतभाऊंनी आता कुठे रुमाल काढला. "मन्ही वळ व्हती ती," ते मला म्हणाले. "व्हती ना, तुमचीच ओळ, भाऊ," मी म्हटलं. परत आल्यावर चहा आला तेव्हा पहिला कप त्यांच्या हातात दिला.

त्यानंतर बरेच हंगाम झाले. दानियल प्रोग्रामरच आहे. नवीन कोणी लागला की तो त्याला आधी डोळे मिटून डॉक्स ऐकायला बसवतो. मला या धंद्याची एकच खंत आहे. लग्नपत्रिका निदान कोणाच्या तरी ट्रंकेच्या तळाशी राहते. डॉक्स राहत नाहीत. प्रोग्राम बदलला की पान बदलतं, त्यामुळे मी लिहिलेलं एकही पान जसंच्या तसं उरलेलं नाही. एक सोडून. 'सुरुवात इथून करा' हे माझं पहिलं पान, सगळ्यात वर, एका हॅशखाली. आडत म्हणजे काय, गोणी कुठून येते, पावतीवर शेतकऱ्याची नजर आधी कुठे जाते, हे सगळं मी त्यात जीव लावून लिहिलं होतं. त्याला कोणी हात लावला नव्हता.

माझी निवृत्ती ठरली तेव्हा शेठनी डॉक्स दानियलकडे सोपवले. आमच्याकडे डॉक्समध्ये एकाने बदल केला की दुसऱ्याने तो बघून मंजूर करायचा असतो. गेल्या आठवड्यात दानियलचा पहिला बदल माझ्याकडे मंजुरीला आला. उघडला तर माझ्या पानातले मधले परिच्छेद गेलेले, आणि मथळ्यापुढे दोन हॅश वाढलेले. 'सुरुवात इथून करा' आता 'जोडणी'च्या पोटात, तिथल्या 'ओळख' या नव्या मथळ्याच्याही पोटात, तीन हॅशवर.

मला राग आला, खोटं कशाला बोलू? जागेवरूनच म्हटलं, "दानियल, माझी सुरुवात तीन हॅशखाली?"

त्याने इअरफोन काढला. "ताई, माणूस काटा जोडायला आलेला असतो. त्याला दर वेळी आधी अख्खा बाजार ऐकावा लागतो." आणि मग सावकाश म्हणाला, "तुमचा मान मी चहाला ठेवीन. हॅशमध्ये नाही ठेवणार."

पलीकडे भरतभाऊ एवढे हसले की त्यांची खुर्ची कुरकुरली. इतक्या वर्षांत त्यांना असं हसताना मी पाहिलं नव्हतं.

मी उठून दानियलच्या टेबलाशी गेले, त्याचा इअरफोन कानात घातला आणि त्याला आवाजाचा वेग माझ्यापुरता कमी करायला लावला. डोळे मिटले. नंबर, जोडणी. नंबर नंबर, ओळख. नंबर नंबर नंबर, सुरुवात इथून करा. खाली माझ्या चार ओळी उरल्या होत्या, कामाच्या तेवढ्या. ज्याला हव्या त्याला लगेच सापडतील अशा जागी होत्या.

जागेवर येऊन मी मंजूरचं बटन दाबलं आणि म्हटलं, चला, चहा घेऊ. भरतभाऊही उठले. चहा आला, दानियलने ट्रे चाचपला आणि पहिला कप मला दिला.